डोळ्यांचे साडेआठ

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. ज्या संध्याकाळी नागरहोळेच्या जंगलात वाघ आमच्या जीपसमोर येऊन उभा राहिला, त्या संध्याकाळी मी माझ्या नवऱ्याचे डोळे माझ्या हाताने दाबून धरले होते. एक-दोन सेकंद नव्हे. वाघ आला, थांबला, त्याने आपली कामं उरकली आणि तो निघून गेला, तोवर. ज्या माणसाला आयुष्यभर एवढी एकच गोष्ट बघायची होती, त्याला ती मी बघू दिली नाही. तेव्हा मी सहासष्ट वर्षांची होते. सहासष्टाव्या वर्षी बाई तशी अल्लडच असते. अक्कल मला सत्तरीनंतर आली, तीही सगळी आलेली नाही असं घरात बोललं जातं.

मी हे लिहितेय ते यांना माहीत आहे. आता यांना वाचता येत नाही, म्हणून चार पानं झाली की मीच वाचून दाखवते, आणि हे मधेच “असं नव्हतं ते” म्हणून मला थांबवतात. चाळीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला वाचून दाखवणं म्हणजे तोंडी परीक्षाच. पण आज ते आतल्या खोलीत झोपलेत, तेवढ्यात लिहून घेते.

यांचं वाघाचं वेड लग्नाआधीपासूनचं. लग्नानंतर पहिल्या मे महिन्यात माझ्या मैत्रिणी महाबळेश्वरला गेल्या आणि मी मेळघाटात, एका गेस्ट हाउसच्या पायरीवर बसून अंगाला लागलेल्या गोचिडी मोजत होते. पुढे ताडोबा झालं, नागझिरा झालं. मुलगी झाल्यावर तिलाही कडेवर घेऊन गेलो. या माणसाने वाघाचं सगळं पाहिलं. चिखलातला पंजा पाहिला, झाडावरचे नखांचे ओरखडे पाहिले, वाघाची विष्ठा तर काडीने उकलून, त्यातले केस वेगळे काढून मला दाखवली. अर्धा खाल्लेला गवा पाहिला. वाघ तेवढा राहिला. प्रत्येक ठिकाणचा गार्ड म्हणायचा, “कालच होता साहेब, इथंच बसला होता.” आमच्या घरात मग ‘कालचा वाघ’ हा शब्दच रूढ झाला. आंबे संपले, पाहुणे येऊन गेले, सेल बंद झाला, की कालचा वाघ.

मी फार हसायचे यांना. तरुणपणी मला वाटायचं, वाघ न दिसणं हा यांच्या स्वभावाचाच भाग आहे. दिसला तर हा माणूस सुट्टीत करणार काय?

मग मुलगी आणि जावई सिंगापूरला आले आणि नात पहिलीत गेल्यावर आम्हीही लाँग टर्म पासवर बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिलो. मुलगी सकाळी पाया लेबारला ऑफिसला जायची, नात शाळेत, आणि आम्ही दोघं घरी. हे रोज सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून जवळच्या नेचर पार्कात जायचे आणि तिथल्या घोरपडींची हजेरी घ्यायचे. एकदा नातीने आजोबांवर दया येऊन सगळ्यांना झूमध्ये नेलं. तिथे पांढरा वाघ होता, पाण्याच्या काठी पहुडलेला. ती यांना म्हणाली, “आजोबा, सी, टायगर. हॅपी नाऊ?”

“छान आहे गं. पण हा ड्युटीवर आहे,” हे म्हणाले.

“सो?”

“मला घरी असलेला वाघ बघायचाय.”

तिने खांदे उडवले आणि इथल्या शाळेतल्या इंग्रजीत आजोबांना नखरेल ठरवलं. “आजोबा सो फसी लाह.”

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी ईस्ट कोस्टला समुद्रकाठी आम्ही चालत होतो आणि डावीकडून एक सायकलवाली मुलगी घंटी वाजवत आली. सगळे बाजूला झाले, हे झाले नाहीत. ती बिचारी यांना चुकवताना गवतात पडली. हे पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होते आणि मला हळूच विचारत होते, “ही आली कुठून?” मला आठवलं की गेले कित्येक दिवस हे डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीला धडकत होते आणि मी “जरा बघून चालत जा” म्हणत होते. डाव्या बाजूचा चहाचा कप तसाच गार व्हायचा आणि मी म्हणायचे, यांना माझा चहा आवडेनासा झालाय. इतकी हुशार बायको सगळ्यांना मिळत नाही.

काचबिंदू निघाला. क्लिनिकमध्ये यांना एका यंत्रात तोंड घालून बसवलं आणि हातात बटण दिलं. दिव्याचा ठिपका दिसला की दाबायचं. नंतर कागदावर छापून आलं, डोळ्याला काय दिसतं त्याचा नकाशा. डावीकडे मोठा काळा डाग होता, नदीच्या गाळासारखा पसरलेला. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या की गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी जास्तीत जास्त दिवस सांभाळायचं. किती दिवस, ते मात्र त्यांना सांगता येत नव्हतं.

एमआरटीने परत येताना हे तो कागद मांडीवर घेऊन बसले होते. तीन-चार स्टेशनं गेली. मग घडी घालून खिशात ठेवताना म्हणाले, “वाघ बघायचा राहिला.”

माझ्या ते एक वाक्य मनात रुतून बसलं. त्या रात्री मी मुलीला सांगितलं, काही कर, पण यांना एकदा वाघ दाखवायचा. तोपर्यंत डोळे टिकवायचं काम माझं.

आणि इथून पुढे माझ्यातली हवालदारीण जागी झाली. औषधाच्या खिडकीवरची मुलगी बाटली देताना म्हणाली होती, “एव्हरी नाइट सेम टाइम हाँ, आंटी.” पहिल्या दिवशी थेंब घातले तेव्हा साडेआठ वाजले होते. झालं, साडेआठ म्हणजे साडेआठ. मी फोनवर गजर लावला. गजर झाला की नात कोचावरून ओरडायची, “आजोबा, आय ड्रॉप टाइम,” आणि हे मान मागे टाकून बसायचे. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटायचे आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. हे दोन मिनिटांत डोळे उघडून बातम्या बघायला लागायचे. तेव्हा मी दाबायचं कामही माझ्याकडे घेतलं. अंगठा एका कोपऱ्यावर, बोट दुसऱ्यावर, आणि तळहात दोन्ही डोळ्यांवर आडवा, चोरून बघायला फट नको म्हणून. हे खालून पुटपुटायचे, “एवढा बंदोबस्त तुरुंगातसुद्धा नसतो.”

पुढच्या एप्रिलमध्ये मुलीने सगळं जुळवून आणलं. तिच्या ऑफिसात म्हैसूरची एक मुलगी होती, तिने सांगितलं की उन्हाळ्यात कबिनीच्या जलाशयाचं पाणी मागे हटतं, कोवळं गवत येतं, जनावरं उघड्यावर येतात आणि त्यांच्या मागे वाघही येतो. सिंगापूरहून थेट बंगळूर, तिथून मोटारीने नागरहोळेच्या जंगलाच्या काठी एका साध्या लॉजवर. तीन संध्याकाळी आणि दोन सकाळी जीप मिळणार होती. आम्ही दोघंच निघालो, नातीची शाळा होती. विमानतळावर तिने आजोबांना बजावलं, “फोटो नॉट ब्लर हाँ.”

बंगळूरला उतरल्यावर हे आपलं घड्याळ अडीच तास मागे करायला लागले. माझं मी तसंच ठेवलं.

“अगं, तुझं पण लाव.”

“नको. माझं डोळ्यांचं घड्याळ आहे.”

“म्हणजे?”

“तिकडचे साडेआठ म्हणजे इकडचे सहा. रोज सहाला थेंब.”

“अगं, सहाला आपण जीपमध्ये असणार. संध्याकाळची वेळ म्हणजे... चार दिवस रात्री घातले तर काय बिघडतंय? डोळ्यांना कुठे कळतंय आपण भारतात आलोय ते.”

“कळताच कामा नये,” मी म्हटलं. “उगाच त्यांना सवय मोडायला निमित्त नको.”

हे हसले. आता वाटतं तेव्हा भांडले असते तर बरं झालं असतं. पण माझ्याशी भांडून वेळ घालवण्यापेक्षा बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचे पक्षी बघणं त्यांना जास्त गरजेचं वाटलं असावं. उजवीकडच्या खिडकीशी बसले होते. डावीकडे मी.

पहिल्या संध्याकाळी जलाशयाच्या काठी हत्तींचा कळप होता, पिल्लाला पोटाखाली घेऊन चरणाऱ्या हत्तिणी. बरोबर सहाला मी पर्समधून बाटली काढली. जीपमध्ये आमच्याशिवाय एक बंगळूरचं जोडपं होतं. त्यातल्या बाईकडे बाळाएवढा कॅमेरा होता. तिने आधी माझ्याकडे, मग मान मागे टाकून बसलेल्या यांच्याकडे पाहिलं आणि अदबीने हात जोडले. तिला वाटलं जंगलात शिरल्यावर आमच्यात असं काही करतात. दुसऱ्या संध्याकाळी मोर, गवे आणि एक अस्वलाची पाठ दिसली. थेंब सहाला. दोन्ही सकाळी धुकं आणि ओरखडे. गाइड हा तिथल्याच पाड्यातला माणूस, पन्नाशीचा, कमी बोलणारा. यांनी ओरखड्याची उंची बघून नर म्हटल्यावर त्याने पहिल्यांदाच मागे वळून यांच्याकडे नीट पाहिलं. मग दोघं हिंदीत आणि बोटांच्या खुणांनी बोलायला लागले. शेवटच्या दिवशी दुपारी तो मला म्हणाला, “मॅडम, सर को मैं दिखाएगा.” एवढंच. मी मनातल्या मनात त्याची दृष्ट काढली.

शेवटच्या संध्याकाळी साडेपाचनंतर रस्त्याच्या कडेला एका उंच सागावर वानर बसला होता. तो एकदम खोकल्यासारखा ओरडला. गाइडने ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला आणि जीप थांबली, इंजिन बंद झालं. वानर पुन्हा ओरडला. लांबवर चितळाने हाक दिली. हे पुढे वाकून समोरच्या घाणेरीच्या झुडपांकडे बघत होते. या माणसाची पाठ इतकी ताठ मी फक्त लग्नाच्या फोटोत पाहिली आहे. दहा मिनिटं गेली. मी घड्याळ पाहिलं. त्यात साडेआठ वाजले होते, म्हणजे इकडचे सहा.

मी हळूच यांच्या दंडाला हात लावला.

“आज राहू दे ना,” हे माझ्याकडे न बघता कुजबुजले. “अर्ध्या तासाने घालू.”

“पाच मिनिटांचं तर काम.”

“अगं, वानर बोलतोय.”

“वानर परवापासून बोलतोय,” मी म्हटलं. “मान मागे.”

आता मी हे वाक्य लिहिलं तेव्हा पेन खाली ठेवून थोडं पाणी पिऊन आले. यांनी एकदा त्या झुडपांकडे पाहिलं, आणि बेचाळीस वर्षांच्या संसाराची शिस्त म्हणून मान मागे टाकली. मी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. अंगठा एका कोपऱ्यावर, बोट दुसऱ्यावर, तळहात आडवा.

आणि गाइड ओठांतल्या ओठांत म्हणाला, “हुली.”

कानडीत वाघाला हुली म्हणतात एवढं मला तीन दिवसांत कळलं होतं. मी समोर पाहिलं.

तो झुडपांतून बाहेर आला नाही, झुडपंच बाजूला झाली. रस्त्यावर सागाची वाळलेली पानं पडलेली, ताटाएवढी, माझ्या चपलेखाली पापडासारखी वाजणारी. त्यांच्यावरून तो चालत आला आणि एकही पान वाजलं नाही. गुडघ्यांपर्यंत चारही पाय ओले, काळपट. नुकताच पाण्यातून उठून आलेला. चालताना खांद्याची हाडं आळीपाळीने वर यायची आणि पोटाची सैल कातडी या बाजूने त्या बाजूला झुलायची, एखाद्या खात्यापित्या घरच्या माणसाने जेवणानंतर शतपावली घालावी तशी. आमच्यापासून वीस पावलांवर तो एका झाडाशी थांबला. खोडाचा वास घेतला, गाल घासला, वळला, शेपूट उभी केली आणि खोडावर फवारा मारला. मग मागच्या दोन पायांवर उभा राहून त्याने त्या झाडाला पुढचे पंजे लावले. सालपटं खाली पडताना त्यांचा आवाज आला. त्याचा स्वतःचा तोवर काही आवाज नव्हता.

मग तो रस्त्याच्या मधोमध आला आणि त्याने आमच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, कुतूहलानेही नव्हे. आपण चालताना मैलाचा दगड बघतो तसं. त्या नजरेत मी नव्हतेच. मला फार बरं वाटलं, हे कसं सांगू? सासर, माहेर, मुलीचं बाळंतपण, पास, गजर, बाटल्या, या सगळ्यांत कुणी ना कुणी माझ्याकडे बघत होतं आणि काहीतरी मागत होतं. याला माझ्याकडून काही नको होतं.

मधे कधीतरी माझ्या हाताखालून आवाज आला, “काय गं?”

मी तळहात आणखी घट्ट दाबला.

वाघ जांभई देऊन रस्ता ओलांडून पलीकडच्या बांबूत गेला. कानामागचे दोन पांढरे ठिपके थोडा वेळ दिसले, मग तेही नाहीत. जीपमधल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. गाइड मागे वळला. त्याचं तोंड आनंदाने उजळलं होतं. “सर, देखा? बड़ा मेल है.”

तेव्हा माझा हात कुठे आहे ते माझ्या लक्षात आलं. मी तो काढला. यांनी डोळे उघडले. थेंब गालांवरून ओघळत होते. समोर रिकामा रस्ता होता आणि खोडावर ताजे ओरखडे. यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग गाइडच्या तोंडाकडे, आणि म्हणाले, “देखा, देखा. बहुत बढ़िया. थँक यू.”

गाइडने यांचा हात हातात घेतला. मी पर्समध्ये बाटलीचं टोपण शोधत राहिले.

लॉजवर खोलीत आल्यावर यांनी विचारलं, “किती वेळ होता?”

आणि इथे मी दुसरा मूर्खपणा केला, पहिल्यापेक्षा मोठा. मी म्हटलं, “छे हो, किती वेळ कसला. पिवळं काहीतरी दिसलं आणि गेलं. मी हात काढेपर्यंत संपलंच होतं. तुमचे डोळे उघडे असते तरी दिसला नसता.”

“असं होय,” हे म्हणाले, आणि बूट काढायला बसले.

सिंगापूरला आल्यावर नातीने दारातच विचारलं, टायगर दिसला का. हे म्हणाले, “आजीनं पाहिला. आजीला विचार.” मी तिलाही तेच पिवळं काहीतरी सांगितलं. ती हिरमुसली. “फ्लाय सो फार फॉर यलो समथिंग?”

तीन-चार दिवसांनी त्या कॅमेरावाल्या बाईने कबूल केल्याप्रमाणे फोटो पाठवले, एकतीस फोटो. मी ते उघडून पाहिले आणि फोन उशीखाली ठेवला. पण आठ वर्षांच्या मुलीपासून फोन उशीखाली लपत नसतो. जेवणं झाली होती, हे कोचावर बसले होते, आणि नात माझ्या खोलीतून फोन घेऊन नाचत बाहेर आली.

“आजोबा, सो मेनी! लुक, ही इज वॉकिंग. धिस वन स्मेलिंग ट्री. धिस वन स्टँडिंग, लाइक ह्यूमन. धिस वन यॉनिंग. आजी, यू सेड व्हेरी फास्ट. ही स्टे सो लाँग, व्हॉट.”

मुलगी स्वयंपाकघरातून आमच्याकडे बघत उभी राहिली. यांनी फोन मागून घेतला. उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला आणि एकेक फोटो बघायला लागले. घाई नव्हती त्यांना. प्रत्येक फोटो बोटांनी मोठा करायचे, पाय बघायचे, कान बघायचे, मग पुढचा. नात त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी होती. एकतिसावा झाल्यावर यांनी फोन तिच्या हातात दिला.

“छान आलेत,” म्हणाले. मग माझ्याकडे मान वळवून, “साडेआठ झाले का?”

गजर अजून व्हायचा होता. त्या दिवशी मला थेंब नीट घालता येईनात. एक कपाळावर पडला, एक मिशीत. हे काही बोलले नाहीत, आणि हे न बोलणं पुढे आठवडाभर चाललं. म्हणजे बोलायचे, भाजी कुठली, पाऊस येणार का, नातीचा गृहपाठ. वाघाबद्दल नाही. माझ्या तोंडाला मात्र चव नव्हती. एवढ्यात तपासणीचा दिवस आला. डोळ्यांतला दाब उतरला होता, डॉक्टरबाई खूश होत्या. मला वाटलं, निदान एवढं श्रेय तरी पदरात पाडून घ्यावं. मी विचारलं, “वेळ अगदी काटेकोर पाळली म्हणूनच ना? आम्ही भारतातसुद्धा बरोबर इथल्या साडेआठलाच घातले.”

त्या हसल्या. म्हणाल्या, एवढं कशाला, एखाद-दोन तास इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही. हे शेजारीच बसले होते, चष्मा पुसत. धरणीमाय दुभंगून पोटात घेईल तर बरं असं आपल्याकडे बायका म्हणतात, पण क्लिनिक सातव्या मजल्यावर होतं.

त्या रविवारी आम्ही सगळे ईस्ट कोस्टला गेलो. मुलगी, जावई आणि नात सायकली घेऊन पुढे गेले. आम्ही दोघं समुद्रासमोरच्या बाकावर बसलो, मी यांच्या डाव्या हाताला, आता ठरूनच गेल्यासारखी. समोर जहाजं नांगर टाकून उभी होती. हे दुर्बिणीने त्यांचे झेंडे ओळखायचा प्रयत्न करत होते.

मी म्हटलं, “अहो, मी खोटं बोलले.”

“हं.”

“तो पुष्कळ वेळ होता. मी हात काढू शकले असते. औषधाचं काही नव्हतं, थेंब तर मी विसरूनच गेले होते.” मला थांबता येईना. “आणि नुसते थेंब नाही. तुम्हालाच विसरले होते. हाताखाली कोणी आहे हेच माझ्या ध्यानात नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला वाटलं, कोण हे मधे मधे बोलतंय.”

यांनी दुर्बीण खाली घेतली. मला वाटलं आता बोलतील, ते लागेल असंच काहीतरी, आणि लागलं तरी चालेल.

“शेपूट वर केली होती ना?” यांनी विचारलं. “झाडाशी?”

“फोटोत पाहिलंत.”

“फोटोत तो क्षण नाहीये. त्या बाईचा हलला असणार कॅमेरा. मला तेव्हाच वास आला. आंबेमोहोर शिजत असल्यासारखा येतो, मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं, कधी घेतला नव्हता. म्हणजे जवळच होता. वीसेक पावलं?”

“वीसच. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, वाघ समोर उभा आहे ते?”

“सालपटं पडली तीपण ऐकली.”

मला रडू यायला लागलं आणि त्याचबरोबर रागही. “अहो, मग हात बाजूला का नाही केलात? तुमचे डोळे, तुमचा वाघ. माझा हात काय एवढा जड होता? एक धक्का दिला असतात तर...”

यांनी माझा तोच हात चाचपडून शोधला, स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “करणार होतो गं. पण बेचाळीस वर्षांत तू सलग दोन मिनिटं गप्प बसल्याचं मला आठवत नाही. म्हटलं, हिला काय दिसतंय ते हिला नीट बघू दे. मला काय, हिच्याकडूनच जन्मभर ऐकायचंय.”